डच्चीची गुरगुर

मंजू त्या कुत्रीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती आणि कुत्री गुरगुरत होती.

मी वीसेक पावलांवर होते. "मंजू!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि निघतानाच कळलं की उपयोग नाही. मंजू जन्मापासून बहिरी. नऊ वर्षांत मी तिला हजारदा हाक मारली असेल, सवय जातच नाही. तिनं एकही ऐकली नव्हती. तिची पाठ माझ्याकडे होती. समोर कडुलिंबाच्या बुंध्याला साखळीनं बांधलेली ती काळी कुत्री. छाती केवढी, मान केवढी, आणि डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके. माझ्या पोरीनं आपला उजवा हात उचलून तिच्या छातीकडे नेला होता.

"वैनी, पळू नका," कुत्रीचे मालक भरमूअण्णा मागून हळूच म्हणाले. "पळालासा तर ती बिथरंल. चालत जावा. हात खाली ठेवा."

मी चालत गेले. कशी गेले ते आठवत नाही. आठवतो तो फक्त तो आवाज, घशातून नाही, पोटातून आल्यासारखा, न थांबणारा.

आम्ही तिथं का गेलो होतो ते आधी सांगते.

आमचं घर इचलकरंजीत, शहापूरच्या बाजूला. घराला लागून शेड आणि शेडमध्ये आठ यंत्रमाग. बाहेरच्या माणसाला आमच्या घरात पाच मिनिटं बसवत नसे, इतका खडखडाट. मंजूला तो ऐकू येत नव्हता, पण कळत होता. सकाळी उठली की ती आधी पाय जमिनीला टेकवायची, मग तळहात भिंतीला. भिंत थरथरत असली की दोन्ही मुठी पुढंमागं करून मला दाखवायची. माग चालू. म्हणजे बाबा शेडमध्ये आहेत, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरतेय, सगळं जागच्या जागी आहे. वीज गेली की भिंत गप्प व्हायची, आणि असेल तिथून ती मला शोधत यायची. मुठींची ती खूण तिला कुणी शिकवली नव्हती. शाळेतल्या बाईंनी बऱ्याच खुणा शिकवल्या, पण ही तिची स्वतःची.

त्या वर्षी मार्चमध्ये आमच्या घरात चोर शिरला. भर दुपारी. मी शेडमध्ये होते, सासूबाई गल्लीत कुणाकडे तरी गेल्या होत्या, आणि मंजू स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून चित्र काढत बसली होती. कुणीतरी मागच्या दारानं आला आणि भरलेला सिलिंडर उचलून घेऊन गेला. सिलिंडरचं मला काही वाटलं नाही. पण तो माणूस मोरीतून ओल्या पायांनी आला होता आणि फरशीवर त्याची पावलं उमटली होती. दोन पावलं मंजूच्या अगदी पाठीमागं होती, शेजारी शेजारी. म्हणजे तो तिथं उभा राहिला होता. किती वेळ, कोण जाणे. मी आले तेव्हा पावलं वाळत आली होती आणि मंजू चित्रात रंग भरत होती.

त्या दिवसापासून मी तिला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. शेडमध्ये माझ्याजवळ बसवायची, तर सुताच्या हवेत उडणाऱ्या भुगीनं तिला खोकला लागला. संडासच्या दाराशी उभी राहायची. दोन आठवडे शाळेतही पाठवलं नाही. एकदा ती इतकी चिडली की तिनं स्वतःचंच चित्र फाडून माझ्या अंगावर फेकलं. मी तुकडे गोळा केले आणि तरीही तिला सोडलं नाही.

कुत्रं आणायची कल्पना मंजूच्या बाबांची. कुणी आलं तर भुंकेल, आणि मंजूला नाही ऐकू आलं तरी मला येईल, असा त्यांचा हिशेब. मला कुत्र्यांची भीती होती. लहानपणी माहेरच्या गल्लीत एक कुत्रं पोटरीला चावलं होतं आणि त्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. तरी मी हो म्हटलं. शिरोळकडच्या मळ्यात भरमूअण्णा मगदूम चांगल्या जातीची कुत्री पाळतात असं कुणीतरी सांगितलं. सुट्टीचा दिवस बघून आम्ही तिघं एसटीनं गेलो.

भरमूअण्णा साठीचे, उसाच्या फडात आणि कुत्र्यांच्या गराड्यात सारखेच रमणारे गृहस्थ. त्यांच्याकडे जर्मन शेफर्डची पाच पिल्लं होती. पिल्लांकडे नेताना वाटेत कडुलिंबाखाली ती मोठी कुत्री दिसली. मंजूच्या बाबांनी तिथंच माझा दंड धरला. रॉटवायलर, म्हणाले. पेपरात आलं होतं, अशाच एका कुत्र्यानं घरच्याच माणसाला फाडलं. भरमूअण्णांनी ते ऐकलं असावं. तिच्याकडं लक्ष देऊ नका, ती विकायची नाही, असं म्हणून त्यांनी चालता चालता तिची हकिगत सांगितली. दीड वर्षाची. कागदावर नाव डचेस, मळ्यातले सगळे डच्ची म्हणतात. आधी जयसिंगपूरच्या एका कंत्राटदारानं नेली, महिन्यात परत आणली. मग सांगलीच्या एका डॉक्टरांनी नेली, त्यांनी पंधरा दिवसांत. दोघांची तक्रार एकच. जवळ घ्यायला गेलं की गुरगुरते.

पिल्लं गोड होती. पण त्यातलं एक मागून आलं आणि त्यानं मंजूच्या पाठीवर उडी घेतली. मंजू दचकून किंचाळली. मागून येणारं काहीच तिला आधी कळत नाही, त्यामुळे ती अशी दचकते की बघवत नाही. बाबांनी पिल्लाला बाजूला केलं, तिचे डोळे पुसले, आणि मग आम्ही तिघं मोठी माणसं पिल्लाचे कान, पंजे, लसी असलं काय काय बोलत राहिलो. मी वळून पाहिलं तेव्हा मंजू माझ्यामागं नव्हती. ती कडुलिंबाखाली होती.

तर मी चालत गेले. आधी एका बाजूनं वळसा घेतला, मंजूला मी दिसावी म्हणून. तोवर तिचा तळहात कुत्रीच्या छातीवर टेकला होता. कुत्री पुढं सरकली. तिनं आपलं अख्खं अंग मंजूच्या गुडघ्यावर टेकवलं, जड पोतं कुणी भिंतीला टेकवावं तसं, आणि गुरगुर आणखी वाढली.

मंजूनं वर पाहिलं. मला बघून ती हसली. मग एक हात तिथंच ठेवून, दुसऱ्या हाताची मूठ तिनं पुढंमागं केली.

माग चालू आहे.

मला काही कळेना. मी तिला हातानं बोलावलं, ये, उठ. तिनं मान हलवली. पुन्हा तीच खूण केली, जरा चिडून, एवढं सोपं आईला कसं कळत नाही म्हणून. मग पुढं वाकून तिनं माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं.

मी बसले. मंजूनं माझा हात कुत्रीच्या छातीवर नेऊन दाबला. दाट, गरम केस आणि त्याखाली ती थरथर. मी डोळे मिटले, भीतीनंच. आणि डोळे मिटल्यावर मला आमच्या शेडची भिंत आठवली. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्या भिंतीला टेकून बसायची. नवं घर, कुणाशी बोलायचं कळायचं नाही, पण भिंत पाठीला थरथरत असली की बरं वाटायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डोळे उघडले तर कुत्रीचे डोळेही अर्धे मिटलेले. कान सैल, जबडा सैल.

"ती रागानं न्हाई गुरगुरत, वैनी," भरमूअण्णा आमच्याशेजारी उकिडवे बसत म्हणाले. "तिला माया आली की असाच आवाज येतोय. ह्या जातीत असतंय काहींना. मी दोघांनाबी सांगून दिली होती. पण माणूस कानानं ऐकतंय आनि भितंय. सांगून पटत न्हाई."

"मग राग आला तर?" मी विचारलं.

"राग आला की गप्प. अंग ताठ आनि तोंड बंद. तवा मातूर लांब ऱ्हायचं."

मंजूचे बाबा अजून उभेच होते, चेहरा पांढरा पडलेला. मी त्यांना म्हटलं, "हीच घेऊ या."

त्यांना वाटलं मी भीतीनं काहीतरी बरळतेय. त्यांनी मला बाजूला नेलं आणि बरंच समजावलं. पिल्लू घेतलं तर ते आपल्या हाताखाली वाढेल. ही दोन घरांतून परत आलेली, ताकद वाघाची, उद्या गल्लीतल्या कुणाच्या पोराला धरलं तर? सगळं खरं होतं.

"उद्या काही झालं तर, शैला?" ते शेवटी म्हणाले.

"झालं तर माझ्यावर," मी म्हटलं. "पण तिथं आपण तिघं कान असलेली माणसं होतो आणि आपल्याला कळलं नाही. तिला कळलं."

त्यांनी पायानं माती उकरली. मग भरमूअण्णांकडे गेले.

भरमूअण्णांनी कुत्री लगेच दिली नाही. आधी आम्हाला चार वेळा मळ्यावर यायला लावलं. मंजूला त्यांनी हातवाऱ्यांनी शिकवलं: तळहात खाली म्हणजे बस, मूठ म्हणजे थांब, मांडीवर थाप म्हणजे ये. डच्ची ते इतक्या झटक्यात शिकली की अण्णाच चकित झाले. तोंडानं सांगितलेलं ती कधी ऐकायची, कधी नाही, पण हाताकडं मात्र टक लावून बघायची. शेवटी स्वतःच्या टेम्पोतून ते तिला आमच्याकडे घेऊन आले. महिनाभर बघा, म्हणाले, नाही जमलं तर फोन करा, मी येऊन नेतो. जाताना मात्र माझ्याजवळ थांबले. "तिसऱ्यांदा परत आली तर मी कुनाला देनार न्हाई, वैनी. जनावराला कळतंय ते."

घरी खरी लढाई होती ती सासूबाईंशी. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्कांनी कुत्री बघितली आणि आपली वळकटी उचलून माडीवर राहायला गेल्या, गुडघे दुखत असूनही. मंजूच्या बाबांनी दत्ताच्या पायाशी कुत्रीच असतात असं म्हणून बघितलं. अक्का म्हणाल्या, ती देवाच्या ताब्यात असतात, ही कुणाच्या?

गल्लीतल्या बायांनी आपली पोरं आमच्या अंगणात पाठवायची बंद केली. दूधवाला फाटकाबाहेरूनच पातेलं मागू लागला. आणि डच्ची गुरगुरायची. मंजू शाळेतून आली की, मंजू शेजारी बसली की, मंजूनं नुसतं बघितलं तरी. तो आवाज ऐकला की माडीवरून अक्कांचा जप मोठा व्हायचा. मी स्वतः रात्री मंजूच्या खोलीला बाहेरून कडी लावायची आणि कुत्रीला बाहेरच्या सोप्यावर बांधायची. विश्वास एका दिवसात बसत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा मी फोनपर्यंत गेले होते. एकदा आकडे फिरवलेही होते.

सोळाव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. खिडकीतून अंगण दिसत होतं. पेरूच्या झाडाखाली डच्ची आडवी पसरली होती आणि तिच्या कुशीला पाठ टेकून मंजू अभ्यास करत होती, फाटकाकडे पाठ करून. तेवढ्यात फाटकापाशी एक माणूस आला. खाकी पिशवी, हातात वही. विजेचं मीटर बघायला आलेला. त्यानं कडीला हात घातला.

डच्ची भुंकली नाही. ती फक्त गप्प झाली, ताठ झाली.

आणि मंजूचं डोकं वर आलं. पेन्सिल थांबली. तिनं पाठ किंचित मागं दाबली, जशी ती वीज गेल्यावर भिंतीला हात दाबून बघते, आणि मग ती वळली. स्वतःहून. माणूस फाटकाच्या बाहेर असतानाच.

मी कणकेच्या हातांनी दारापर्यंत धावले. उंबऱ्यात थांबले. का थांबले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मंजूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती म्हणून.

तिनं उठून तळहात खाली केला. डच्ची बसली, पण नजर त्या माणसावरून हलली नाही. मंजूनं साखळी पेरूच्या झाडाला अडकवली, दोनदा ओढून बघितली, आणि फाटकाशी गेली. माणूस काहीतरी बोलला. तिनं स्वतःच्या कानाला बोट लावून मान हलवली. तो गोंधळला, मग त्यानं वही वर करून दाखवली. मंजूनं कडी काढली, पुढं होऊन त्याला मीटरची पेटी दाखवली, तो आकडे लिहीपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली आणि तो गेल्यावर फाटक लावून घेतलं. मग झाडाखाली जाऊन तिनं डच्चीच्या छातीवर हात ठेवला. थोडा वेळ तशीच थांबली. माझ्यापर्यंत आवाज यायच्या आतच तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गुरगुर पुन्हा सुरू झालीय.

नंतर ती मला सांगायला आत आली. माणूस. पिशवी. वही. मीटर. गेला. नऊ वर्षं घरात कोण आलं, कोण गेलं, ते मी तिला सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला सांगितलं, आणि मी काही न बघितल्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

त्या रात्री मी कडी लावली नाही.

पुढच्या आठवड्यात मंजूनं कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं जायची परवानगी मागितली. डच्चीला घेऊन. मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर सोप्याच्या खांबाला धरून उभी राहिले, पण मागं गेले नाही. तिला धने आणायला सांगितले होते. ती जिरे घेऊन आली. मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, तरी जिरे. विचारलं तर तिनं फुशारकीनं सांगितलं की चिठ्ठी दाखवलीच नाही, बोटानं दाखवलं.

डच्ची आमच्याकडे आणखी आठ वर्षं राहिली. गल्लीतली पोरं तिच्या पाठीवर डोकं ठेवून झोपली. मंजू शिकून पुण्याला गेली, आता कापडाची डिझाइनं करते. लोक मला म्हणतात, एवढं भयंकर कुत्रं पोरीजवळ ठेवायचं धाडस कसं केलंत? मी त्यांना सांगते, की सगळ्याच घरांनी ठेवू नये. भरमूअण्णांसारखा खरं सांगणारा माणूस भेटला, म्हणून आम्ही ठेवलं. बाकीचं सांगत बसत नाही. पण मंजू जिरे घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची एक गोष्ट सांगायची राहिलीय.

सकाळी अक्का माडीवरून खाली आल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून. नवं लुगडं नेसल्या होत्या. मला म्हणाल्या, शकूकडं जायचंय. शकूबाई त्यांची माहेरची मैत्रीण, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे राहायची. गुडघे धरल्यापासून अक्का तो रस्ता ओलांडून गेल्याच नव्हत्या.

मी हातातलं काम ठेवत म्हटलं, "चला, मी येते."

"तू नगं. तू नुसती घाई करतीस."

मंजू अंगणात डच्चीला पाणी पाजत होती. अक्का तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आजवर त्या मंजूशी नुसत्या ओरडून बोलायच्या, जितकं समजणार नाही तितकं मोठ्यानं. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. आपला सुरकुतलेला तळहात पुढं धरला, त्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटं चालवली, आणि रस्त्याकडे दाखवलं. मग जरा थांबून, बोट कुत्रीकडेही केलं.

मंजूनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. साखळी उजव्या हातात घेतली आणि डावा खांदा आजीपुढं केला. अक्कांनी त्यावर हात ठेवला. फाटकातून बाहेर पडताना डच्ची रस्त्याच्या बाजूला, मध्ये मंजू, आणि भिंतीच्या कडेनं अक्का.

चार पावलं गेल्यावर अक्का वळल्या.

"शैला, भाकऱ्या झाकून ठेव," त्या म्हणाल्या. "आमाला येळ लागंल."